हाडं सापडली म्हणून फॉर्मेशन होत नाही: खानदेशातल्या एका नदीकाठच्या दरडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

तापीच्या खोऱ्यात खाली डेक्कन ट्रॅपचा काळा कातळ आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्यावर नदीचा गाळ. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरकडे, हा गाळ इतका जाड आहे की काही ठिकाणी बोअर दोनशे मीटरपलीकडे गेली तरी कातळ लागत नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या उपनद्यांच्या काठी मात्र तो दहा-पंधरा मीटरच असतो, आणि नदीने कापलेल्या दरडीत वरपासून खालपर्यंत उघडा दिसतो.

भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी व खालच्या नर्मदा खोऱ्याचं भूशास्त्र १८६९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर या गाळाबद्दल बोलताना बहुतेकांनी 'जुना गाळ' आणि 'नवा गाळ' एवढ्या दोनच शब्दांवर काम भागवलं. सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या गाळाचे १९९७ मध्ये पिलिकरार, धानसी, सूरजकुंड, बनेटा, हिरदेपूर, बौरास, रामनगर असे सात फॉर्मेशन मांडले गेले. फॉर्मेशन म्हणजे शैलसमूह: नकाशावर दाखवता येईल असा, खडकाच्या गुणांवरून ओळखू येणारा थरांचा संच. नर्मदेला सात नावं आणि तापीला दोन विशेषणं, ही सल इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला असते. ती रास्तही आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला १९७२-७३ च्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यांपैकी एकावर कोरीव नक्षी आहे आणि काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. असा वारसा असलेल्या गाळाला नीट नावं हवीत यात वाद नाही.

या प्रकरणातली नदी पांझरा, बोरी, गिरणा, अंजनी, वाघूर यांपैकी एक आहे. कोणती ते मुद्दाम सांगितलेलं नाही, कारण हाडं अजून दरडीत आहेत आणि तिथे वाळूचे ट्रॅक्टर रोज जातात. माणसांची, गावांची, संस्थेची नावंही वगळली आहेत.

काय सापडलं

एका महाविद्यालयाची संशोधक विद्यार्थिनी उन्हाळ्यात दरडीचा छेद, म्हणजे खालून वर उघडे पडलेले थर, मोजत होती. दरडीच्या पायथ्याशी पडलेला एक तुकडा शेतमालकाने उचलून दुसऱ्या गोट्यावर आपटला. खणकन आवाज आला. "ताई, हाई हाड नई, दगड शे," तो म्हणाला. त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं: हाडाच्या जाळीत चुना भरला की वजन वाढतं आणि आवाज दगडाचा येतो. तुटलेल्या कडेवर मात्र हाडाची बारीक जाळी भिंगाशिवायही दिसत होती.

दरडीची एकूण उंची ११.४ मीटर. खालून वर पाच थर मोजले गेले. कातळावर १.८ मीटर चुन्याने घट्ट बांधलेले गोटे (थर १). त्यावर ५.२ मीटर पिवळसर तपकिरी बारीक गाळ, त्यात कंकर म्हणजे चुन्याच्या गाठी (थर २). मग ०.९ मीटर सुटी वाळू व गोटे (थर ३), २.७ मीटर तपकिरी गाळ (थर ४) आणि सगळ्यांत वर ०.८ मीटर काळी कापसाची माती (थर ५).

दोन हंगामांत २३ तुकडे जमले. बैलवर्गीय प्राण्याच्या जबड्याचा दातांसह भाग, लांब हाडांची टोकं, मणके, शिंगाचा गाभा. त्यांतले १९ पायथ्याशी पडलेले होते आणि फक्त चार दरडीत जागेवर. पुढची सगळी गुंतागुंत याच प्रमाणातून आली.

अडचण

लेखाचा पहिला मसुदा तयार झाला तेव्हा त्यात थर १ ला गावाच्या नावाने 'अमुक बोन बेड (हाडांचा थर) फॉर्मेशन' म्हटलं होतं. कारण असं दिलं होतं: 'यात जीवाश्म मिळतात आणि वरच्या थरांत मिळत नाहीत.' मार्गदर्शकांनी मसुदा परत दिला आणि समासात एकच प्रश्न लिहिला: "हाडं काढून टाकली तर हा थर ओळखता येईल का?"

प्रश्न मोलाचा आहे, म्हणून थोडं थांबतो. स्तरांच्या नामकरणाचे नियम भारतात १९७१ च्या संहितेत आले, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती १९९४ ची. दोन्हींचा पाया एकच: फॉर्मेशन खडकावरून ठरतं. दाण्यांचा आकार, गोट्यांचा प्रकार, बांधणी, रंग, थरांची रचना, खालची-वरची सीमा. जीवाश्मांवरून जे एकक ठरतं त्याला जैवविभाग म्हणतात, आणि त्याच्या सीमा खडकाच्या सीमांशी जुळतीलच असं नाही. वयावरून ठरणारं एकक तिसरंच. ही तीन खाती वेगळी ठेवली नाहीत तर एका खात्यातली चूक तिन्हींत पसरते.

वय वेगळं का ठेवायचं, याचं उदाहरण फार लांबचं नाही. २००९ मध्ये प्लाइस्टोसीन या भूशास्त्रीय कालखंडाची सुरुवात १८ लाखांवरून सुमारे २५.८ लाख वर्षांपूर्वी नेली गेली. ज्यांनी थराच्या नावातच काळ घुसवला होता त्यांची पंचाईत झाली. खडकावरून नाव दिलेल्यांना नकाशातली एक रेघही हलवावी लागली नाही.

जीवाश्मावरून नाव देण्याचा धोका नर्मदेच्या बाघ थरांत दिसतो. भूशास्त्रज्ञ पी. एन. बोस यांनी १८८४ मध्ये तिथल्या चुनखडकाच्या एका थराला 'कोरलाइन लाइमस्टोन', म्हणजे प्रवाळी चुनखडक, म्हटलं. त्यातले जीवाश्म प्रामुख्याने प्रवाळ नाहीत, ब्रायोझोआ (वसाहतीने राहणारे वेगळेच सूक्ष्म जलचर) आहेत. नाव रुळलं ते रुळलंच, आणि आजही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ते समजावून सांगावं लागतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, थर १ ला औपचारिक फॉर्मेशन करणं. त्यासाठी नाव, दर्जा, आदर्श छेद, खालची व वरची सीमा, जाडी, पसारा, आधीच्या नावांचा इतिहास आणि मान्य नियतकालिकात प्रसिद्धी हवी.

दुसरा, त्याला मेंबर म्हणणं. ऐकायला हे नम्र वाटतं, पण मेंबर हा नेहमी कोणत्या तरी फॉर्मेशनचा भाग असतो. इथे त्याला सामावून घेणारं फॉर्मेशनच औपचारिकपणे ठरलेलं नव्हतं. घर नसताना खोलीला क्रमांक देण्यासारखं झालं असतं.

तिसरा, नर्मदेकडचं नाव उसनं आणणं. थर १ ची हाडं पाहून 'सूरजकुंडसारखं' असं दोघांनी सुचवलंही. पण मध्ये सातपुडा आहे, दोन्ही खोऱ्यांचा गाळ कुठेही जोडलेला नाही, आणि सारखी हाडं म्हणजे सारखा खडक नव्हे. फार तर वयाची तुलना करता आली असती, तीही तारखा हातात आल्यावर.

चौथा, सध्या नाव न देता थरांना क्रमांक देऊन नीट वर्णन छापणं. विद्यार्थिनीला हा पर्याय हार वाटला. प्रबंधात नवं फॉर्मेशन असणं आणि 'थर १' असणं यात फरक पडतो, हे कुणी नाकारत नव्हतं.

काय केलं

आधी हाडांचा हिशेब. पायथ्याच्या १९ तुकड्यांना चिकटलेली माती भिंगाखाली पाहिली. ११ तुकड्यांवर चुन्याने बांधलेली भरड वाळू होती, थर १ शी जुळणारी. तीन तुकड्यांवर सुटी तपकिरी वाळू. उरलेल्या पाचांवर काहीच नव्हतं, कारण ओळख पटवायच्या घाईत ते पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतले गेले होते. दातांसह जबडा याच पाचांत होता. आम्लाने माती गेली, हाडाचा पृष्ठभागही खाल्ला गेला आणि सगळ्यांत चांगला नमुना कोणत्या थराचा हे कायमचं अनिश्चित झालं. अशा कामाला प्रयोगशाळेत सौम्य अॅसिटिक आम्ल वापरतात, तेही एका कोपऱ्याची माती मुद्दाम राखून.

मग जागेवरचे चार तुकडे. तीन थर १ मध्ये, आणि एक थर ३ मध्ये. म्हणजे 'वरच्या थरांत मिळत नाहीत' हे विधानच गेलं. पण तो चौथा तुकडा हातात घेतल्यावर वेगळंच दिसलं. कडा गोट्यासारख्या गुळगुळीत झिजलेल्या, बाहेरून सुटी वाळू, आणि मज्जेच्या पोकळीत मात्र चुन्याने घट्ट झालेली भरड वाळू. हे हाड आधी थर १ मध्ये पुरलं, तिथे त्याच्या पोकळीत चुना बसला, नंतर नदीने थर १ कापला आणि ते उचलून थर ३ मध्ये टाकलं. थर ३ चं वय या हाडावरून काढलं असतं तर सपशेल चुकलं असतं.

गोट्यांची मोजणी यानंतर झाली. दरडीवर दोरीची जाळी लावून प्रत्येक छेदनबिंदूखालचा गोटा घेतला, दोन्ही थरांत शंभर-शंभर. थर १ मध्ये ८१ बेसाल्ट (म्हणजे खालचा काळा कातळ), १७ अकीक व त्याच्याच जातीचे कॅल्सेडनी, २ इतर. थर ३ मध्ये ६२ बेसाल्ट, १५ अकीक व कॅल्सेडनी, आणि २३ कंकर. ते कंकर थर २ मधले आहेत. म्हणजे थर ३ साचण्याआधी थर २ चांगला वाळून, त्यात चुन्याच्या गाठी धरून, मग कापला गेला होता. दोन गोटेथरांना वेगळं करणारी खडकाची खूण ही आहे. हाडांची गरजच उरली नाही, मार्गदर्शकांच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आलं.

याच टप्प्यावर जुन्या गाळाचं फेरवर्गीकरण झालं. आधी थर १ ते ४ सरसकट 'जुना गाळ' धरले जात. थर २ व ३ यांच्यामध्ये झीज आणि खंड आहे हे दिसल्यावर १-२ आणि ३-४ असे दोन संच करावे लागले. पूर्ण प्रकरणातलं टिकाऊ काम हेच, असं आमचं मत आहे.

पसारा पाहायला नदीचे दोन्ही काठ १४ किलोमीटर पायी तुडवले. १६ छेद मोजले. नऊ ठिकाणी थर १ दिसला. चार ठिकाणी दरडीचा पाया पाण्याखाली होता, तिथे 'नाही' असं न लिहिता 'दिसत नाही' असं लिहिलं. तीन ठिकाणी थर २ थेट कातळावर बसलेला होता, म्हणजे थर १ तिथे मुळात साचलाच नाही किंवा आधीच कापला गेला. मग काठापासून २०० ते ९०० मीटरवरच्या सात विहिरी पाहिल्या. दोन बांधून काढलेल्या असल्याने निरुपयोगी, उरलेल्या पाचांपैकी तीनमध्ये तो थर मिळाला. विहीर खोदणाऱ्यांना तो आधीच ठाऊक होता: जिथे पहार चालत नाही आणि सुरुंग लावावा लागतो, तो गोट्यांचा थर. त्यांनी सांगितलेली खोली टेपने मोजलेल्या खोलीपासून हातभरही चुकली नाही.

वयासाठी तीन वाटा तपासल्या. कार्बन-१४ ची मर्यादा सुमारे ५० हजार वर्षं, शिवाय अशा उष्ण भागात, चुन्याने भरलेल्या हाडात, कोलॅजन (हाडातलं प्रथिन) टिकत नाही. गाळाच्या दाण्यांना शेवटचा उजेड कधी मिळाला हे सांगणारी ल्युमिनेसन्स पद्धत बहुतेक ठिकाणी क्वार्ट्झ या खनिजावर चालते, पण बेसाल्टच्या खोऱ्यात क्वार्ट्झ तुटपुंजं. म्हणून फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेशी बोलणं झालं, आणि फेल्डस्पारचा संकेत काळाबरोबर गळतो त्याची दुरुस्ती करावी लागणार हे आधीच मान्य केलं. नमुने ३० सेंटिमीटर लांबीच्या लोखंडी नळ्यांत, दोन्ही तोंडं काळ्या टेपने बंद करून घेतले. नळी ठोकण्याआधी दरडीचा उजेड लागलेला पृष्ठभाग हातभर आत तासला. तिसरी वाट ज्वालामुखीच्या राखेची. अकोल्याकडे पूर्णेच्या काठी गांधीग्रामला राख मिळालेली आहे, आणि पूर्णा तापीचीच उपनदी, म्हणून आशा होती. १६ छेदांत राख मिळाली नाही. मिळाली असती तरी बेतानेच घ्यावं लागलं असतं: जुन्नर भागात कुकडीकाठी बोरीच्या राखेचं वय कुणी सुमारे ७४ हजार वर्षं धरलं, तर कुणी ६.७ लाख.

निर्णय

औपचारिक फॉर्मेशन करायचं नाही, असं ठरलं. वाद जाडीवर झाला. विद्यार्थिनीचं म्हणणं, "सर, नियमांत जाडीची अट कुठेच नाही." बरोबर आहे, नाहीच. अट आहे नकाशावर दाखवता येण्याची किंवा जमिनीखाली माग काढता येण्याची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या ४६ ओ मालिकेतल्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. थर १ उभ्या दरडीत उघडा असल्याने वरून त्याची पट्टी जेमतेम पाच-दहा मीटर रुंद, नकाशावर केसाइतकी. जमिनीखालचा पुरावा तीन विहिरींचा. त्यावर नाव उभं करणं घाईचं होतं.

आदर्श छेदाचीही अडचण होती. आदर्श छेद म्हणजे पुढे कुणालाही जाऊन पडताळता येईल अशी जागा. या दरडीच्या पायथ्याची वाळू उपसली जात होती. पुढच्याच जुलैच्या पुरात दरडीचा अडीच मीटर भाग कोसळला, आणि थर ३ चं तोंड ढिगाऱ्याखाली गेलं.

गावाच्या नावाचा प्रश्न छोटा वाटला तरी त्यात दोन दिवस गेले. गाव एका काठाला बुद्रुक, दुसऱ्या काठाला खुर्द. नुसतं नाव दिलं तर छेद कोणत्या काठाचा ते कळणार नाही, आणि त्याच नावाचं तिसरं गाव शेजारच्या तालुक्यात. स्थलनाम नकाशावर छापलेलं, एकमेव आणि टिकणारं हवं. धरणाच्या पाण्यामुळे उठलेल्या गावांचं नाव तर कधीच घेऊ नये, नवं गाव दहा किलोमीटरवर वसलेलं असतं.

शेवटी 'गोटेथर-१' ते 'मातीथर-५' अशी अनौपचारिक एककं छापायचं ठरलं. इथे मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. इंग्रजीत अनौपचारिक एकक लहान अक्षराने लिहून वेगळं दाखवतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, म्हणून प्रत्येक तक्त्यात आणि नकाशाच्या सूचीत 'अनौपचारिक' हा शब्द लिहावाच लागतो. मसुद्यात तो एका आकृतीत राहून गेला होता, आणि परीक्षकाने नेमकी तीच आकृती धरून 'नवं फॉर्मेशन कुठे परिभाषित केलं आहे?' असं विचारलं.

निष्पत्ती

लेख दुरुस्तीनंतर स्वीकारला गेला. त्यात सोळाही छेदांचे स्तंभ, गोट्यांची मोजणी, हाडांची थरवार यादी आणि जबड्यासमोर 'थर अनिश्चित' अशी स्पष्ट नोंद आहे. सगळे २३ तुकडे संस्थेच्या संग्रहात क्रमांकासह ठेवले. प्रत्येक थराचा विटेएवढा ठोकळाही जपला आहे, दरड गेली तरी खडक हातात राहावा म्हणून. कोसळलेल्या दरडीऐवजी पुढच्या वळणावरचा, पाया कातळात असलेला छेद संदर्भासाठी निवडला आहे.

दुसऱ्या एका गटाने शेजारच्या उपनदीत कंकरयुक्त गोट्यांचा असाच थर नोंदवला. दोन्ही थर एकच आहेत का हे गोट्यांच्या मोजणीवरून तपासता येईल, कारण मोजणीची रीत छापलेली आहे. दोन्हीकडे घाईने दोन गावांची नावं दिली गेली असती तर आता एक नाव मागे घेण्याचा वाद चालला असता.

काय वेगळं करता आलं असतं

पायथ्याचं हाड उचलण्याआधी त्याच्यावर नेमका कोणता थर आहे याचा फोटो, पायथ्यापासूनचं अंतर आणि चिकटलेल्या मातीचं वर्णन, एवढं पहिल्या दिवसापासून वहीत हवं होतं. पहिल्या हंगामातल्या पिशव्यांवर फक्त तारीख आणि गावाचं नाव होतं. हाड न धुण्याची सूचना मदतनीसांना कुणी दिलीच नव्हती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

विहिरी शेवटी पाहिल्या, त्या आधी पाहायला हव्या होत्या. एप्रिल-मे महिन्यात पाणी तळाला जातं तेव्हाच तळचा गोटेथर दिसतो. दुसऱ्या हंगामात जूनचा पहिला पाऊस आला आणि ठरवलेल्या आणखी चार विहिरी राहून गेल्या.

नाजूक हाडांना जागेवरच अॅसिटोनमधलं पॅरालॉइड बी-७२ (हाड घट्ट करणारी राळ) पातळ करून द्यायचं, मग ओला टिश्यू कागद आणि वर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टिश्यूचा थर विसरला तर प्लास्टर हाडालाच चिकटतं. शिंगाचा गाभा याच चुकीने दोन तुकड्यांत निघाला.

औपचारिक नावाचा प्रस्ताव बंद केलेला नाही. किमान दोन उपनद्यांत थर १ चा माग, दहा-बारा न बांधलेल्या विहिरींची मोजमापं आणि उपशाच्या टप्प्याबाहेरचा एक छेद, एवढं जमल्यावर तो पुन्हा मांडायचा आहे. ल्युमिनेसन्सचे आकडे काहीही आले तरी त्या अटी बदलत नाहीत. राहिलेल्या चार विहिरींच्या मालकांची परवानगी घेऊन झाली आहे, आणि त्यांतल्या एकाने विहिरीचं बांधकाम पुढच्या मेअखेरपर्यंत थांबवायचं कबूल केलं आहे.